सोव्हिएत संघ कुठून फुटणार हे एलेन कारेर दांकॉसना खरंच कळलं होतं का?

ताम्हण:
परवा इथे फ्रेंच इतिहासकार एलेन कारेर दांकॉस यांच्यावर लेख आला. त्यात वाक्य होतं, 'सोव्हिएत संघ फुटणार हे १९७८ मध्ये फक्त या बाईंनी ओळखलं, आणि अचूक ओळखलं.' दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'फक्त'. संघ १९८४ पर्यंत तरी टिकेल का, हा प्रश्न आंद्रेई अमालरिक या सोव्हिएत बंडखोर लेखकाने त्याच्या आठेक वर्षं आधी विचारला होता, तोही रशियात राहून. त्याची किंमत त्याने तुरुंगात मोजली. खुद्द पॅरिसमध्ये एमान्युएल टॉड या लोकसंख्येच्या अभ्यासकाने १९७६ मध्ये, जेमतेम पंचविशीत, सोव्हिएत बालमृत्यूचे आकडे पाहून शेवट जवळ आल्याचं लिहिलं.

आता 'अचूक'. 'फुटलेलं साम्राज्य' या कारेर दांकॉसांच्या १९७८ च्या पुस्तकाचा सगळा भर मध्य आशियावर आहे. तिथल्या मुस्लिम प्रजासत्ताकांत जन्मदर जास्त, रशियनांचा घटता. उद्या कारखान्यांना आणि सैन्याला माणसं तिकडूनच घ्यावी लागणार, आणि ती माणसं मनाने सोव्हिएत झालेली नाहीत. म्हणून तिथे शिवण उसवणार. प्रत्यक्षात काय झालं? बाल्टिक देश, जॉर्जिया, मग युक्रेन आणि शेवटी रशिया स्वतः. मार्च १९९१ च्या सार्वमतात मध्य आशियाने नव्वद टक्क्यांहून जास्त मतं संघ टिकवायला दिली. कझाकस्तान सगळ्यांत शेवटी बाहेर पडला, १६ डिसेंबरला. तोपर्यंत रशिया, युक्रेन, बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचं जाहीर करून आठवडा उलटला होता.

शेवंता:
तो लेख माझाच आहे. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

अमालरिकचं भाकीत चीनशी युद्ध होईल यावर उभं होतं. ते झालं का? टॉडने बालमृत्यू पाहिले, पण साम्राज्यातल्या जमातींबद्दल बोलायला मध्य आशियातल्या बुखारावर प्रबंध लिहिलेली बाईच लागली. 'सोव्हिएत जनता' नावाचा नवा समाज घडलाय असं सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह सांगत होता आणि पॅरिसमधले निम्मे विद्वान माना डोलवत होते, त्या काळात हे लिहिलं गेलं. आणि कझाकस्तानची तेव्हाची राजधानी अल्मा-आता कशी विसरलात? डिसेंबर १९८६ मध्ये तिथला कझाक पक्षप्रमुख कुनाएवला काढून रशियातून कोलबिनला आणून बसवलं आणि कझाक पोरं रस्त्यावर उतरली. गोर्बाचेव्हच्या काळातला तो पहिला मोठा भडका. बाल्टिकमध्ये नाही, मध्य आशियात.

ताश्कंदकर:
मी १९८५ ते ९१ ताश्कंदला इंजिनिअरिंग केलं. खोलीत उझबेक मित्र होता, फरगाण्याचा. दर शरद ऋतूत त्यांना कापूस वेचायला शेतावर नेत, आम्हा परदेशी पोरांना सूट. तो परतायचा तेव्हा बोटं सोललेली असायची. मॉस्कोला शिव्या रोजच्याच. तरी सार्वमताच्या दिवशी 'संघ राहावा' असं मत देऊन आला. मी विचारलं, का रे? म्हणाला, हा कापूस उद्या घेणार कोण? जन्मदरावरून माणसाच्या मनातलं कळत नाही, एवढंच मला त्या खोलीत समजलं.

गोदाकाठची:
भाकीत राहू द्या, माझा राग वेगळा आहे. फ्रेंच भाषेचे नियम ठरवणाऱ्या, १६३५ पासूनच्या फ्रेंच अकादमीत १९९९ मध्ये पहिल्यांदा एक स्त्री, म्हणजे याच कारेर दांकॉस, स्थायी सचिव झाली, आणि पदनाम पुल्लिंगीच हवं म्हणून आयुष्यभर अडून राहिली! माझी आई अठरा वर्षं मुख्याध्यापिका होती. दारावरची पाटी 'मुख्याध्यापक'. निरोप समारंभाच्या पत्रिकेवरही तेच. ती पत्रिका तिने फाडली नाही, घडी करून कपाटात ठेवली. आजही तिथेच आहे.

डॉ_माणगंगा:
आईंबद्दल वाईट वाटलं, पण मी कारेर दांकॉसांच्या बाजूने आहे. आमच्याकडे 'डॉक्टरीणबाई' म्हणजे डॉक्टरची बायको, 'मास्तरीणबाई' म्हणजे मास्तरची. वीस वर्षं दवाखाना चालवूनही मला लोक विचारतात, साहेब कधी येतील? फ्रेंचमध्येही तेच, राजदूताच्या बायकोलाच 'आंबासाद्रीस' म्हणायचे. मग स्वतःच्या कर्तबगारीवर त्या पदावर पोचलेल्या बाईने ते रूप का घ्यावं?

गोदाकाठची:
बायकोचा अर्थ पुसायचा तर तो शब्द काम करणाऱ्या बाईने वापरायला हवा, टाकून द्यायला नको! २०१९ मध्ये खुद्द अकादमीने स्त्रीलिंगी पदनामांना मान्यता दिली, यांनी स्वतःचं बदललं नाही. २०२० मध्ये 'कोविड' मात्र स्त्रीलिंगी म्हणा असं अकादमीने सांगितलं. रोगाला चालतं, सचिवाला नाही? आणि फ्रान्समधल्या २००५ च्या दंगलींचं खापर यांनी रशियन वाहिनीवर आफ्रिकी कुटुंबांच्या बहुपत्नीत्वावर फोडलं, ते कुठल्या अभ्यासातून?

डॉ_माणगंगा:
ते विधान हीनच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पदनामाच्या भांडणात ते ओढून मला त्यांच्या पंक्तीत बसवू नका. माझ्या पाटीवर काय लिहायचं ते मी ठरवीन.

गोदाकाठची:
माझ्या आईला ठरवू दिलं नाही कुणी. मी त्याबद्दलच बोलतेय.

ताम्हण:
धागा कुठे गेला! शेवंताताई, अल्मा-आता मी वगळलं, चुकलंच. पण ती पोरं नेमणुकीविरुद्ध उठली होती, फुटून निघायला नव्हे. 'फक्त'वर तुम्ही अजून बोलला नाहीत. आणि मला सर्वांत खुपतं ते हे, की या बाईंचे वडील जॉर्जियातून परागंदा झालेले. १९५० पर्यंत खुद्द बाईंना फ्रेंच नागरिकत्व नव्हतं. सार्वमतावर बहिष्कार टाकून एप्रिल १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करणारा जॉर्जिया घरातच होता, आणि नजर बुखाऱ्यावर.

शेवंता:
घरातलं दुःख घेऊन इतिहास लिहायचा नाही, एवढा संयम त्यांच्याकडे होता. वडील १९४४ मध्ये बोर्डोत बेपत्ता झाले, जर्मनांसाठी दुभाष्याचं काम केलं होतं म्हणून. लेखक असलेल्या मुलाने ते पुस्तकात लिहू नये अशी कारेर दांकॉसांची विनवणी होती, त्याने लिहिलंच. त्या घराकडे बोट दाखवून त्यांचा अभ्यास मोजू नका.

'फक्त' लेखातून काढते. 'अचूक'च्या जागी 'वेळेआधी' करते. त्यापुढे एक शब्दही नाही.