मदत हवी आहे: बी४५० मदरबोर्डवर ५६००एक्स प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यावर (मूळपेक्षा जास्त वेगाने चालवल्यावर) रेंडर मध्येच रांगतं, बोर्ड कमी पडतोय का?

नमस्कार मंडळी,

रायझन ५ ५६००एक्स, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३६०० स्टिक, टॉवर कूलर. बोर्ड बी४५० चिपसेटचा, सेकंड हँड घेतलेला. सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाचे (व्हीआरएम) चारच फेज, म्हणजे टप्पे, आणि त्यांवर बोटभर लांबीचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा). धाकट्या बहिणीचं अ‍ॅनिमेशनचं शेवटचं प्रोजेक्ट याच मशीनवर ब्लेंडरमध्ये रेंडर होतंय. तिचा वेळ वाचावा म्हणून सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला, १.३० व्होल्टवर लावले.

सिनेबेंच ही सीपीयूची चाचणी दहा मिनिटं बिनघोर चालतं. ब्लेंडर मात्र वीसेक मिनिटांनी एकदम रांगायला लागतं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर सहाही कोअर ५५० मेगाहर्ट्झवर! अर्ध्या मिनिटाने परत ४.६. तेव्हा सीपीयू ८२ अंशांवर, म्हणजे ९५ च्या मर्यादेपासून लांबच. व्हीआरएमचं तापमान हा बोर्ड दाखवत नाही. केस उघडून हीटसिंकला बोट लावलं, तर चटका बसून लगेच काढावं लागलं. शेवटी घरातला टेबल फॅन समोर लावला आणि दीड तास रेंडर एकदाही अडखळलं नाही.

आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात दुपारी खोलीच ३९ अंशांवर जाते, उघड्या केसमध्ये धूळ बसते ती वेगळी. बायोसमध्ये १.३० दिले तरी लोडखाली १.२४ च दिसतात. एलएलसी (लोडखाली व्होल्टेज पडू न देणारी सेटिंग) वाढवू का? की बोर्डच बदलावा? प्रोजेक्टला वीस दिवस उरलेत, आत्ता खर्च परवडणारा नाही.

प्रतिसाद:
बोर्ड बदलू नका, एलएलसीला तर हातच लावू नका. लोडखालचं व्होल्टेज वाढलं की व्हीआरएम आणखी तापणार. सीपीयू ८२ वर असताना क्लॉक ५५० ला येतो, म्हणजे तापलेला व्हीआरएम वाचवायला बोर्डच सीपीयूला आवर घालतोय. टेबल फॅनने ते सिद्धच झालं.

फिक्स ४.६ काढून टाका. ५६००एक्सची मूळ मर्यादा ७६ वॉटची आहे, तेवढं हा बोर्ड सोसेल. ती तशीच ठेवा, बायोस अपडेट करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे १५ द्या. तेवढ्याच वॉटमध्ये क्लॉक वर जातो. मात्र यातली गडबड पूर्ण लोडखाली सहसा दिसत नाही, एकटा कोअर उंच क्लॉकवर गेला की मशीन रीस्टार्ट होतं. म्हणून एकेका कोअरची चाचणी घेणारा कोअरसायकलर रात्रभर चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) १८ नंबरची नोंद आली, तर त्या कोअरचा आकडा शून्याच्या जवळ आणा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. रात्री एका कोअरवर चूक आली, त्याला उणे ८ केलं. आता क्लॉक ४.४५ च्या आसपास राहतो. भर दुपारी, केस बंद ठेवून, तीन तास रेंडर सलग झालं. बहिणीने पुढचा सीन लावलाय. तो संपला की रॅमसाठी मेमटेस्ट८६ लावतो.