शेतीविषयक संकेतस्थळावरची निकृष्ट पाने : काढावीत, सुधारावीत की तशीच ठेवावीत?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. आम्ही काही मित्रांनी २०१२ साली शेतीविषयक मराठी संकेतस्थळ सुरू केले होते. गेल्या दिवाळीपासून त्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सध्या त्यावर सहाशेच्या आसपास पाने आहेत आणि त्यांतली निम्मी तरी वाचकाच्या हाती काहीच देत नाहीत, हे ती एकेक करून वाचल्यावर मला मान्य करावे लागले. सोयाबीन आणि तुरीच्या बाजारभावासाठी रोज एक याप्रमाणे चार-चार ओळींची पाने साठली आहेत. शासकीय परिपत्रकांतला मजकूर जसाच्या तसा उतरवून केलेले लेख आहेत. एका रुपयात पीकविमा कसा भरावा हे सांगणारा लेख अजून तसाच आहे, जरी २०२३ च्या खरिपात सुरू झालेली ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आहे. काही लेख तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले असल्याने पडद्यावर नुसती निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

एका जाणकारांनी सल्ला दिला की तीनशेपेक्षा कमी शब्दांची आणि वर्षभरात फारशी न उघडली गेलेली पाने सरसकट काढून टाकावीत, म्हणजे उरलेली पाने गूगलवर वर येतील. मी तशी यादी तयार केली आणि ती पाहून माझा हात थांबला. औसा तालुक्यातल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी लिहिलेली आठ ओळींची नोंद त्या यादीत आली आहे. आपल्या विहिरीने कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात तळ गाठला, एवढेच त्यांनी लिहिले आहे आणि त्यात २०१६ हे वर्षही आहे, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट कपाशीवरच्या बोंडअळीसाठी ट्रायझोफॉस हे आता बंद असलेले कीटकनाशक फवारण्याची शिफारस करणारा लेख यादीत नाही, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख तोच आहे. मग निकृष्ट म्हणायचे तरी कशाला?

काळी माती (परभणी)

मांजराकाठ, आपला हात थांबला हे फार चांगले झाले. मी कृषी पदवीधर असून वडिलांचे कृषी सेवा केंद्र सांभाळतो. आपण ज्या प्रकारचा लेख सांगता, तसाच एक लेख मोबाइलवर उघडून एक शेतकरी मागच्या हंगामात आमच्या गल्ल्यासमोर उभे होते. काच तडकलेली होती आणि अंगठ्याने अक्षरे मोठी करून ते मला औषधाचे नाव दाखवत होते. हे औषध भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, कारण छापल्यासारख्या दिसणाऱ्या मजकुरावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्या लेखावर तारीख नव्हती, लेखकाचे नाव नव्हते आणि भाषा मात्र अगदी ठाम होती.

म्हणून माझे मत असे आहे की पान वाचून माणूस शेतात जाऊन काय करील, हे आधी पाहावे आणि शब्द किती, वाचने किती, हे नंतर. ट्रायझोफॉस, फोरेट, डायक्लोरव्हॉस ही बंद झालेल्या कीटकनाशकांची नावे घालून आपल्याच संकेतस्थळावर शोध घ्या आणि सापडलेली पाने आजच्या आज हाताळा, बाकीचे काम महिनाभर थांबले तरी चालेल. पण ती पाने गुपचूप काढून टाकू नका. त्यांचे दुवे गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत असतात. दुवा उघडला नाही तर वाचकाला एवढेच वाटते की संकेतस्थळ बंद पडले, आणि जुना सल्ला त्याच्या डोक्यात तसाच राहतो. त्याच पत्त्यावर सगळ्यांत वर ठळक अक्षरांत लिहा की या लेखातली शिफारस आता लागू नाही, हे औषध अमुक तारखेपासून बंद आहे. त्याखाली आजचा सल्ला द्या : कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, सलग तीन रात्री प्रति सापळा दर रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे आणि पुढची फवारणी कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच करावी. दुरुस्तीची तारीख घाला. जुनी शिफारस मात्र त्या पानावरून पूर्ण काढा, कारण पुष्कळ जण वरची सूचना न वाचता थेट औषधाच्या नावावर आणि मात्रेवर जातात.

विहिरीच्या नोंदीला कृपा करून हात लावू नका. असे स्वतः पाहून, स्वतः मोजून लिहिणारे लोक आपल्या भागात फार थोडे आहेत.

बालाघाट (बीड)

वरील मताबद्दल आदर आहे, परंतु एकट्या माणसाने सहाशे पाने सुधारणे शक्य नाही, हेही कोणीतरी सांगायला हवे. परिपत्रकांतून उतरवलेले लेख मी असतो तर एका दिवसात काढले असते. मूळ परिपत्रक शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असताना त्याची शिळी प्रत आपण का सांभाळावी?

नाथसागर (छत्रपती संभाजीनगर)

मी संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. परिपत्रकांच्या बाबतीत बालाघाट यांच्याशी मी सहमत आहे. मात्र शब्दसंख्येच्या सल्ल्याला आधार नाही. ठरावीक शब्दसंख्या आपण पसंत करत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे आणि क्रमवारी सुधारेल या आशेने जुना मजकूर काढण्याचा उपयोग होत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. भरताड पाने असली की सगळ्या संकेतस्थळाला झळ पोहोचते, ही समजूत गूगलने २०११ साली क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलापासून रूढ झाली. तिच्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने छोटे पान म्हणजे भरताड पान असे ठरत नाही.

बाजारभावाची पाने काढूही नका आणि तशीच ठेवूही नका. प्रत्येक पिकाचे एकच पान करा, त्यात महिन्यावार तक्ता द्या आणि जुने सगळे पत्ते ३०१ (पत्ता कायमचा बदलला असे सांगणारा संकेत) लावून त्या पानाकडे वळवा. हमीभावाचेही तसेच करा, कारण सोयाबीनचा ४,६०० रुपये हा २०२३-२४ चा आकडा ‘चालू हमीभाव’ या मथळ्याखाली अजून अनेक ठिकाणी दिसतो, जरी २०२४-२५ साठी तो ४,८९२ आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला. पत्त्यात वर्ष घालू नका, दरवर्षी तक्त्यात एक ओळ वाढवा. काढलेली सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवण्याची चूक पुष्कळ जण करतात. बाजारभाव शोधणारा माणूस मुखपृष्ठावर येऊन पडतो आणि गूगलही अशा वळणाला पान नसल्यासारखेच धरते. ज्याला योग्य पर्यायी पान नाही, त्याला सरळ ४१० (पान कायमचे काढले असे सांगणारा संकेत) द्यावे.

वाचकांसाठी हवी पण शोधात नकोत अशी पाने असतील, उदाहरणार्थ विषयसूचींची आपोआप तयार झालेली पाने, तर त्यांना नोइंडेक्स, म्हणजे शोधात हे पान दाखवू नये अशी खूण, लावा. त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने कोणती पाने उघडू नयेत हे सांगणाऱ्या) त्यांना अडवू नका, कारण मग शोधयंत्राला पान उघडता येत नाही आणि नोइंडेक्सची खूणही दिसत नाही.

उस्मानाबाद आणि औरंगाबाद ही नावे असलेली पाने २०२३ च्या नामांतरामुळे आपोआप जुनी ठरत नाहीत. नवे नाव घाला आणि जुने एकदा नमूद राहू द्या, कारण लोक दोन्ही नावांनी शोधतात.

मांजराकाठ (लातूर)

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री तिन्ही औषधांची नावे घालून शोध घेतला, तेव्हा चौदा पाने निघाली. त्यांतली दोन मी स्वतः २०१५ साली लिहिलेली आहेत. तेव्हा ती औषधे दुकानात मिळत होती, पण लेखावर तारीख घालायला मला कोणी अडवले नव्हते. त्या चौदाही पानांवर सूचना लावून झाली आहे आणि मजकुराची दुरुस्ती रविवारपर्यंत पूर्ण करीन. परिपत्रकांचे लेख काढतो. विम्याचा लेख नव्याने लिहितो, त्यात खरीप अन्नधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के, ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात घेतो.

जुन्या फाँटमधल्या लेखांचा प्रश्न तेवढा राहिला. ते पुन्हा टंकावे लागतील का?

नाथसागर (छत्रपती संभाजीनगर)

नाही, आधी फाँट ओळखा. श्रीलिपी किंवा कृतिदेव असेल तर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी मात्र हमखास चुकतात, म्हणून मात्रांचे आणि मापांचे आकडे मूळ फाँट लावून समोरासमोर ताडून पाहा. मिलिलिटरचा एक दशांश बिंदू हरवला तरी फवारणीच्या पंपातली औषधाची मात्रा बिघडते. दोन लेख मला पाठवा, मी करून देतो.