जुनी 'स्टार ट्रेक' अजून का धरून आहात? आणि सहावीतल्या मुलीला कुठला भाग आधी दाखवू?

सातवी_गल्ली (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात गेले काही महिने रविवारची सकाळ सासऱ्यांच्या ताब्यात असते. आंघोळ-पूजा आटोपली की अण्णा जुनी स्टार ट्रेक लावतात, तीच १९६६ ची अमेरिकन मालिका, अंतराळातल्या जहाजाची, कॅप्टन कर्क आणि त्याच्या सोबतच्या स्पॉकवाली. माझी मुलगी मिसळीची प्लेट घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसते. मध्ये कुणी बोललं की दोघंही एकदम "श्शू" करतात.

मी दोन-तीनदा बसून बघितली. दगड हलके दिसतात, माणसं हाणामारीत उगाच लोळतात. माहिती काढली तर कळलं की ही मालिका तीनच सीझन चालली, ७९ भाग झाले आणि १९६९ ला बंद पडली. तरी जगभर लोक तिचे गणवेश शिवून घालतात, संमेलनं भरवतात, बोटं फाकवून नमस्कार करतात. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "बघत राहा, कळंल."

म्हणून इथं विचारते. ज्यांनी ती इतकी वर्षं मनात धरलीय त्यांनी नेमकं सांगा, त्यात काय आहे? "जुनं ते सोनं" एवढंच उत्तर नको. आणि सहावीतल्या मुलीला नीट समजेल असा एखादा भाग सुचवा. सध्या अण्णा हाताला येईल तो लावतात.

---

पॅटर्नवाला (शिवाजी उद्यमनगर)

ताई, नेमकं मागितलंय म्हणून माझ्या कामापासून सांगतो.

मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उमटवून त्यात वितळलेला धातू ओततात तो नमुना. वडीलही तेच करायचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. टीव्ही शेजाऱ्यांकडं होता, आम्ही पोरं दारात चपला काढून जमिनीवर बसायचो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण इंजिनरूम आली की मला सगळं कळायचं. वरून कॅप्टन सांगणार, अजून वेग पाहिजे. खालून जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी सांगणार, इंजिन सोसणार नाही. आणि तरी शेवटी तो कायतरी करून देणारच. आमच्या गल्लीत हे रोज चालायचं. पार्टीला माल संध्याकाळी पाहिजे असायचा आणि मिस्त्री म्हणायचा, "भट्टी अजून तापायलीय, साहेब." मला पडद्यावर पहिल्यांदाच असा माणूस दिसला जो हातानं काम करतो, ज्याचे कपडे मळतात आणि ज्याच्या शब्दावर कॅप्टन विश्वास ठेवतो.

मोठेपणी त्या नटाविषयी वाचलं. जेम्स डूहान. कॅनडाच्या तोफखान्यात अधिकारी होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरला आणि त्याच दिवशी गोळ्या लागून उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात कॅमेऱ्यापुढं येऊ नये याची तो काळजी घ्यायचा. उद्यमनगरात प्रेसवर आयुष्य काढलेल्या किती जणांचे हात मी असे बघितलेत. ते वाचल्यावर मी जुने भाग पुन्हा लावले आणि फक्त स्कॉटीचे हात बघत बसलो. पुढं अमेरिकेत मिलवॉकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं त्याला मानद डॉक्टरेट दिली, कारण त्याला बघून इंजिनिअरिंगला गेलेली पोरं तिथं भरपूर होती. मी कॉलेजला गेलो नाही, पण लाकूड हातात घेतलं त्यात त्याचा वाटा आहे, हे मी मनापासून सांगतो.

आता ते जहाज. एंटरप्राइज. पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा अकरा फुटी मॉडेल आहे, १९६४ ला बनवलेलं. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा. आकार मॅट जेफरीजनं काढला. त्याला विमानांची जाण होती, म्हणून ते जहाज खेळण्यासारखं दिसत नाही, उडणाऱ्या यंत्रासारखं दिसतं. १९७४ पासून ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडं आहे आणि २०१६ ला त्याची मोठी डागडुजी झाली. तेव्हाचे फोटो मी मोठे करून करून बघितले. त्याची फक्त उजवी बाजू पूर्ण आहे. डाव्या बाजूनं दिव्यांच्या वायरी आत जायच्या, तिथं खिडक्यांचं कामच केलेलं नाही. म्हणून जहाज बहुतेक वेळा उजव्या अंगानं दिसतं. कुणाला यात फसवणूक वाटेल. मला तर बघून भरून आलं. पॅटर्नची जी बाजू वाळूत ठसा उमटवते तिच्यावर आम्ही तळहात फिरवून फिरवून काम करतो, मागची बाजू रंधा मारून सोडतो. पैसा आणि वेळ मोजका असला की कारागीर असाच विचार करतो. आणि त्या उजव्या बाजूवर त्यांनी जे काम केलंय ते आजही बघण्यासारखं आहे.

मालिकाभर हेच आहे. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवायचं म्हटलं तर चित्रीकरणाचा खर्च झेपेना, म्हणून माणसं चमकून अदृश्य होतात आणि खाली उमटतात ती युक्ती निघाली. आपोआप सरकणारी दारं पडद्यामागची माणसं दोरीनं ओढायची. पहिला भाग दाखवला त्यात मीठ खाणारा प्राणी होता, त्यासाठी वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या आणल्या. पण त्या मीठदाण्या वाटेचनात, मग त्याच जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची हत्यारं झाल्या! ताई, तुम्हाला दगड हलके दिसले हे खरंच आहे. पण त्या सेटवर मोजक्या पैशांत भविष्य उभं करायला धडपडणारी माणसं होती, आणि मला दर भागात त्यांचं काम दिसतं. म्हणून मी अजून बघायलोय.

मुलीला 'द डेव्हिल इन द डार्क' दाखवा, १९६७ चा. खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय, कर्क आणि स्पॉक त्याला शोधायला जातात. तो प्राणी सिलिकॉनचा आहे, दगडातून लोण्यातून जावं तसा आरपार जातो. पुढं कळतं की ती आई आहे, आणि खाणीवाले जे गोल दगड फोडून टाकत होते ती तिची अंडी होती. स्पॉक तिच्या अंगावर हात ठेवून तिचं दुःख स्वतःच्या तोंडानं बोलतो. ती जखमी असते आणि डॉक्टरला दगडाच्या अंगावर इलाज करायचा असतो. काय करतो ते सांगत नाही, मुलीला बघू दे. आम्ही दिवसभर सिलिका सँडमध्ये असणारी माणसं. तो भाग बघितल्यावर मोल्डिंगच्या वाळूकडं मी बराच वेळ बघत बसलो होतो.

---

गंगावेशच्या_बाई

पॅटर्नवाले, फार सुंदर लिहिलंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्या काळी सोमवारी वर्गात गेलं की मुलं रविवारच्या भागातले प्रश्न घेऊन तयार असायची. प्रकाशापेक्षा वेगानं जाता येतं का, दुसऱ्या ग्रहावर श्वास कसा घ्यायचा. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा करवीर नगर वाचन मंदिरातून आणा, असं मी त्यांना सांगायची आणि काहीजण खरंच आणायची.

सातवी_गल्ली, तुमची लेक बघतेय म्हणून तिला उहुराबद्दल जरूर सांगा. निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं ते काम केलं. १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर अशी स्त्री बहुधा मोलकरीण म्हणून दिसायची. इथं ती अधिकारी होती, जहाजाच्या संपर्कयंत्रणेची प्रमुख. पहिल्या सीझननंतर तिला मालिका सोडून रंगभूमीवर जायचं होतं. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि त्यांनी तिला थांबायला सांगितलं, ही हकीकत तिनं स्वतः अनेकदा सांगितली आहे. पुढे १९७७ पासून तिनं नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार शोधायचं काम केलं. लहानपणी उहुराला पाहून मोठी झालेली मे जेमिसन १९९२ ला अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिथून ती आपल्या कामाच्या पाळीची सुरुवात उहुराच्याच वाक्यानं करायची. दुसऱ्या वर्षी ती स्टार ट्रेकच्या पुढच्या मालिकेत एका भागात छोट्या भूमिकेतही दिसली.

मी वर्गात मुलींना पहिल्या बाकावर बसवायची आणि ही गोष्ट सांगायची. माझ्यासाठी ही मालिका तिथं आहे.

त्या बोटं फाकवून केलेल्या नमस्काराचंही सांगते, लेकीला आवडेल. स्पॉकचं काम करणारा लिओनार्ड निमॉय लहानपणी बॉस्टनमध्ये ज्यू प्रार्थनामंदिरात गेला असताना आशीर्वाद देणाऱ्यांचे हात त्यानं तसे पाहिले होते. स्पॉकसाठी त्यानं ती खूण स्वतः सुचवली.

---

कळंबा_रोड

मी वयानं लहान आहे, केबल आल्यावर 'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेकच्या पुढच्या मालिकेपासून सुरुवात केली. त्यातले पिकार्ड, डेटा. सात सीझन, १७८ भाग. मला तीच जवळची, आणि जुनी मालिका बरीच वर्षं बघवली नाही हे स्पष्ट सांगतो. तिच्यातला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग बघितला तेव्हा मत बदललं, पण त्याचा शेवट सहावीतल्या मुलीला जड जाईल. दोन वर्षांनी दाखवा.

एक मात्र म्हणेन. तिसरा सीझन मुलीला सध्या दाखवू नका. त्याची सुरुवातच 'स्पॉक्स ब्रेन'नं होते, त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. चाहतेसुद्धा त्या भागाची बाजू घेत नाहीत. दोन सीझनवर थांबले असते तर नाव अजून मोठं राहिलं असतं असं मला वाटतं.

---

पॅटर्नवाला (शिवाजी उद्यमनगर)

भावा, 'स्पॉक्स ब्रेन'चं मान्य. पण दोन सीझनवर थांबले असते तर आज आपण इथं बोलत नसतो, हे मी ठामपणे सांगतो. नीट ऐक.

दुसऱ्या सीझनला मालिका बंद व्हायची चिन्हं होती. बिजो ट्रिंबल ही चाहती आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उभी केली. तेव्हा कॉम्प्युटर नाही, फोनचं बिल परवडत नाही. पत्ते जमवायचे, एकानं दहा जणांना सांगायचं, प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी चॅनेलकडं इतकी पत्रं आली की १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर त्यांना पडद्यावर जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहणार आहे, आता पत्रं पाठवू नका.

मग चॅनेलनं काय केलं? शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, म्हणजे ज्या तरुण पोरांनी बघायचं ती घराबाहेर. पैसाही कमी केला. मालिकेचा निर्माता रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला. तिसरा सीझन कमजोर झाला त्याची कारणं ही आहेत.

पण त्या सीझनमुळं भाग ७९ झाले. अमेरिकेत गावोगावच्या टीव्ही स्टेशनांना रोज एक भाग लावायचा तर भागांचा साठा मोठा लागतो. दोन सीझनचे भाग लवकर संपले असते, कुणी घेतले नसते. ७९ होते म्हणून सत्तरच्या दशकात ते भाग संध्याकाळी पुन्हा पुन्हा लागले आणि शाळेतून आलेल्या पोरांनी ते बघितले. जानेवारी १९७२ ला न्यूयॉर्कला पहिलं मोठं संमेलन भरलं. १९७६ ला चाहत्यांनी परत पत्रं लिहिली, या वेळी थेट राष्ट्राध्यक्ष फोर्डना, आणि नासाच्या पहिल्या शटलचं, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाचं, ठरलेलं नाव बदलून 'एंटरप्राइज' झालं. ते शटल अंतराळात गेलं नाही, हवेतून उतरण्याच्या चाचण्यांसाठी वापरलं. पण ते बाहेर आणलं त्या दिवशी स्पॉक, सुलू, उहुरा, मॅकॉय, स्कॉटी झालेले नट पुढं उभे होते. तो फोटो माझ्या वर्कबेंचच्या वर लावलेला आहे. तुझी नेक्स्ट जनरेशन १९८७ ला आली ती याच सगळ्यावर उभी राहून.

म्हणून त्या कमजोर भागांवर माझा जीव आहे. लोकांनी हातानं पत्रं लिहून ते मिळवलेत.

---

कळंबा_रोड

भागांच्या साठ्याचा मुद्दा माहीत नव्हता. पटला. तिसऱ्या सीझनमधले राहिलेले बघतो.

---

सातवी_गल्ली (राजारामपुरी)

सगळ्यांचे आभार. काल अण्णांना सांगून 'डेव्हिल इन द डार्क' लावला, मीही पूर्ण बसले. डॉक्टर जखमेवर चक्क बांधकामाचं काँक्रीट थापतो तेव्हा मुलगी सोफ्यावर उभी राहिली! आणि स्पॉक त्या आईचं दुःख बोलायला लागला तेव्हा अण्णांनी तिचा हात धरला होता. मला ती हाणामारी अजून आवडत नाही, पण हा भाग मी परत बघेन. उहुराची गोष्ट तिनं शाळेत सांगितली, बाई, तुम्हाला मुद्दाम कळवते.

आता तिला एंटरप्राइज करायचंय, अण्णांबरोबर. पॅटर्नवाले, लाकूड कुठलं घेऊ आणि सुरुवात कशी करू?

---

पॅटर्नवाला (शिवाजी उद्यमनगर)

सागवान घेऊ नका, महाग पडतं आणि लहान हातांना कठीण जातं. शिवणीचे तुकडे मिळाले तर उत्तम, सरळ रेषेचं आणि तासायला सोपं लाकूड. माझ्याकडं पडलेले आहेत, अण्णांना दुकानात पाठवा, पैसे नकोत.

माप असं धरा. मालिकेतल्या हिशोबानं जहाज ९४७ फूट लांब आणि पुढची तबकडी ४१७ फूट व्यासाची. म्हणजे एकूण लांबी ६० सेंटीमीटर ठेवली तर तबकडी साधारण साडेसव्वीस सेंटीमीटरची येते. तबकडी आधी करा, ती बरोबर आली की बाकीचं तिच्यावरून डोळ्यानं जमतं. ती लेथवर मी फिरवून देतो, कडा मुलीला घासू दे. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, शेवटी २२०, आणि कायम रेषेच्या दिशेनं. मागच्या दोन नळ्यांना पीव्हीसी पाइप चालेल. नळ्यांचे तिरके खांब नुसत्या फेविकॉलवर चिकटवू नका, वजनानं वाकतात. दोन्हीकडं भोक पाडून आत बांबूची खुंटी बसवा, मग गोंद, आणि रात्रभर दोरीनं बांधून ठेवा. रंग द्यायच्या आधी एकदा मला दाखवा.