तारा लावलेले शब्द: शास्त्र की कल्पनाविलास?

शीवकर: परवा दादरला भाषाशास्त्रावरचं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते 'आद्य इंडो-युरोपीय' (संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरेंची आई मानलेल्या) भाषेतले शब्द फळ्यावर असे लिहीत होते, जणू कालच कोणी बोलून गेलंय. या भाषेचा ना शिलालेख, ना ताम्रपट. संस्कृत, ग्रीक, लॅटिन शेजारी मांडायच्या, जुळेल ते रूप काढायचं आणि 'हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही' म्हणून त्यावर तारा (*) लावायचा. १८६८ मध्ये श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेत चक्क एक गोष्ट लिहिली. पुढे १९३९ मध्ये हिर्ट या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाची तीच गोष्ट नव्या रूपात आली, तर ओळखू येईना! त्यापेक्षा हातात आहे त्या संस्कृतलाच आई मानायला काय हरकत आहे?

गिरगाववाला: हरकत संस्कृतच घेते. शाळेत 'चकार' घोकलंत ना? धातू 'कृ', मग द्वित्व करताना, म्हणजे धातूचा पहिला ध्वनी पुढे पुन्हा जोडताना, 'ककार' का नाही? पाणिनी 'कुहोश्चुः' (अशा जागी 'क'चा 'च' होतो) म्हणून मोकळा होतो. नियम बिनचूक, पण कारण सांगणं हे त्याचं काम नव्हतं. ग्रीकमध्ये याच जागी ऱ्हस्व 'ए' येतो. तोच 'ए' संस्कृतातही आधी होता, त्या 'ए'मुळे 'क'चा 'च' झाला. नंतर संस्कृतात ऱ्हस्व ए, ओ, अ मिळून एकच 'अ' उरला, 'च' मात्र राहिला. आईने गमावलेला स्वर लेकीकडे कुठून आला मग?

शीवकर: युक्तिवाद देखणा आहे. पण पडताळा?

गिरगाववाला: आहे की. 'आणि' या अर्थाने शब्दामागे लागणारे तीन अव्यय घ्या: संस्कृत 'च', लॅटिन 'क्वे', ग्रीक 'ते'. यावरून मूळ रूप 'क्वे' धरलं होतं, म्हणजे ग्रीकमध्येही कधीकाळी 'क्व' असणार. १९५२ मध्ये व्हेंट्रिस या इंग्रजाने लिनियर बी ही प्राचीन लिपी उलगडली. महाकवी होमरच्या कितीतरी आधीचं ग्रीक, मातीच्या पाट्यांवर. त्यात 'आणि'साठी काय निघालं? 'क्वे'.

विलेपार्ले_पूर्व: 👏 (बाकी धागा वाचतोय.)

शीवकर: एक बरोबर आलं. आता उलटी परीक्षा घ्या. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, रोमानियन यांच्यावरून लॅटिन उभारा. लॅटिनचा 'ह' मिळत नाही. 'अमातुर' म्हणजे 'तिच्यावर प्रेम केलं जातं', असं एकपदी कर्मणी रूपही मिळत नाही. लॅटिन ग्रंथ शिल्लक आहेत म्हणून ही चोरी पकडली जाते. जिथे ग्रंथच नाहीत तिथे काय काय निसटलं, कोण सांगणार?

वसईकर: सगळ्याच लेकींनी टाकलेलं मिळत नाही, हे खरंच. पण म्हणून मिळालेलं खोटं ठरत नाही, आणि बहिणी वाढल्या की हातीही जास्त लागतं. आपलं 'हात' आणि पंजाबी 'हत्थ' घेतलं तर प्राकृत 'हत्थ'पर्यंत पोचता येतं. 'हस्त'मधला 'स' गेलाच म्हणायचा. मात्र उत्तर पाकिस्तानातल्या चित्रालकडची खोवार भाषा घ्या, तिथे 'होस्त' आहे. आला परत! भांडारकरांनी १८७७ मध्ये याच मुंबईत विल्सन व्याख्यानांतून संस्कृत ते प्राकृत ते देशी भाषा हा प्रवास मांडला होता. आपण तीच वाट उलटी चालतोय.

शीवकर: ध्वनींपुरतं चालेल. पण 'चक्र', ग्रीक 'कुक्लोस', इंग्रजी 'व्हील' एका मुळाचे, म्हणून त्या लोकांकडे गाड्या होत्या, ही उडी फार झाली. 'फिरणे' या धातूवरून प्रत्येकाने नंतर स्वतंत्र नाव पाडलं नसेल कशावरून?

गिरगाववाला: पाडलं असतं तर साचे वेगवेगळे निघाले असते. इथे तिन्हीकडे धातूचं द्वित्व आहे, 'व्हील'च्या जुन्या रूपातही. चाकाला असं द्वित्व करून नाव द्यायचं, हे तिघांनाही वेगवेगळं सुचलं? शिवाय 'अक्ष' आणि लॅटिन 'अक्सिस' पाहा, दोन्ही आसच.