सायक्लोस्पोरिनची वाफ: 2005 मध्ये अडवली ते बरोबर होतं का?

गोळाबेरीज (धागाकर्ता)
मामेभावाची दोन्ही फुप्फुसं चेन्नईला बदलली, त्याला 3 वर्षं होतील. गेल्या महिन्यापासून फुंकणीचे आकडे उतरतायत. (फुंकणी म्हणजे घरचं स्पायरोमीटर. रोज सकाळी फुंकायचं आणि वहीत लिहायचं.) एका सेकंदात बाहेर पडणारी हवा सर्वोत्तम आकड्यापेक्षा 20 टक्के खाली आली आणि तिथेच राहिली की क्रॉनिक रिजेक्शनचा (शरीराने नवं फुप्फुस हळूहळू नाकारण्याचा) संशय घेतात. बारीक श्वासनलिका आतून व्रण धरून बुजत जातात. प्रत्यारोपणानंतर 5 वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना हे होतं.

वाचता वाचता पिट्सबर्गच्या एका चाचणीपाशी थबकलो. 58 रुग्ण. 28 जणांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला 300 मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिनची (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) वाफ, आठवड्यातून 3 दिवस, 2 वर्षं. 30 जणांना नुसत्या द्रावकाची वाफ. औषधवाल्या गटात 3 मृत्यू, दुसऱ्या गटात 14. तरी जून 2005 मध्ये औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या (आपली बांद्र्याची नव्हे) सल्लागार समितीत 8 विरुद्ध 8 मतं पडली आणि एफडीएने आणखी पुरावा मागितला. औषध बाजारात आलंच नाही.

माझं मत: अटी घालून परवानगी द्यायला हवी होती. दुसरा इलाजच नाही अशा आजारात हजारो रुग्णांची चाचणी कुठून आणणार?

उणेअधिक
असहमत. 3 आणि 14 सगळे सांगतात, पण ती चाचणी मोजायला काय निघाली होती? तीव्र, म्हणजे अचानक येणाऱ्या रिजेक्शनचे झटके. ते दर रुग्णामागे वर्षाला 0.44 आणि 0.46 निघाले, म्हणजे फरक शून्य. नेम कैरीवर धरला आणि पडला नारळ. नारळ गोड लागला म्हणून नेमबाज म्हणायचं का?

शिवाय एकाच केंद्रातली चाचणी. 30 पैकी 14 दगावले हा औषधाचा गुण की त्या गटाचं नशीब, हे एवढ्या लहान संख्येत कळत नाही. दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले असते तर आज हा धागा निघाला नसता.

गोळाबेरीज
क्रॉनिक रिजेक्शन किंवा मृत्यू असं मिळून, फुंकणीच्या आकड्यांवरून मोजलं तर 10 विरुद्ध 20. तोही नारळच?

उणेअधिक
हो. त्याच झाडाचा.

वाफेची_बाई
मी अमेरिकेत रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, म्हणून आकड्यांपलीकडचं लिहिते. कल्पना मुळात भक्कम आहे. फुप्फुस बसवताना मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात, पण श्वासनलिकांना स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या सहसा जोडल्याच जात नाहीत. मग पोटातून गेलेलं औषध नेमकं तिथे कमी पोचणार. आणि गोळीचा डोस वाढवावा तर मूत्रपिंडं बोंब मारतात. त्यामुळे औषध दारातूनच आत सोडायचं हा विचार चुकीचा नाही.

पण सायक्लोस्पोरिन पाण्यात विरघळत नाही. त्या चाचणीत ते प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये होतं आणि ते घशाला झोंबतं. खोकला थोपवायला आधी घसा बधिर करणाऱ्या लिडोकेनची वाफ द्यावी लागे. म्हणजे औषध घेण्यासाठी औषध! आता गोळाबेरीज, एक विचार करा. दुसऱ्या गटालाही तेच झोंबणारं द्रावक 2 वर्षं दिलं. त्यानेच त्यांचं थोडं बिघडलं असेल तर?

गोळाबेरीज
हे डोक्यात आलं नव्हतं. पण मग औषधवाल्यांच्याही छातीत तेच द्रावक गेलं आणि तरी ते तगले. म्हणजे माझीच बाजू भक्कम झाली की!

वाफेची_बाई
किंवा औषधाने द्रावकाचा दाह दाबला, बाकी काही केलं नाही. दोन्ही शक्य आहे, तिथेच घोडं अडतं. पुढे दुसऱ्या कंपनीने ग्लायकॉल टाकून सायक्लोस्पोरिन लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलं, ते उगाच नाही.

तुळशीपाशी
मी तज्ज्ञ वगैरे नाही. यांचं एक फुप्फुस बदललंय. वाफेबद्दल लिहिणाऱ्यांनी एकदा वाफेच्या यंत्राचा तो औषधाचा कप धुऊन बघावा. रोज दोनदा अँटिबायोटिकची वाफ, मग कप सुटा करायचा, उकळायचा, स्वच्छ फडक्यावर पालथा घालायचा, आणि तेवढ्यात बेल वाजते. जरा ओल राहिली की बुरशीची भीती. गोळ्यांचा डबा आहेच, गणपतीत नैवेद्याच्या ताटातलं पपनसही यांना चालत नाही, रक्तातली औषधाची पातळी चढते म्हणून. त्यात आणखी एक वाफ? पण उपयोग होणार असेल तर मी दहा कप धुवेन. मला फक्त खरं सांगा, होतो का?

उणेअधिक
तुळशीपाशी ताई, याच प्रश्नासाठी मी भांडतोय. 2005 मध्ये परवानगी मिळाली असती तर पुढची चाचणी कोणी केली असती? नुसत्या द्रावकाच्या गटात जायला कोण तयार होणार? पुढे अनेक केंद्रांत मोठी चाचणी झाली, तीत फायदा दिसला नाही. म्हणजे 2005 च्या भरवशावर तुम्ही आज कप धूत बसला असता.

गोळाबेरीज
त्या चाचणीवर मी अडत नाही. पण ती प्रतिबंधाची होती. ज्याचे आकडे उतरायला लागलेत त्याला वाफ द्यावी का, हा वेगळा प्रश्न.

वाफेची_बाई
वेगळा आणि अवघड. नळ्या बुजल्या की वाफ मोकळ्या भागात जाते, बुजलेल्या भागात शिरतच नाही. जिथे हवी तिथेच कमी. म्हणून द्यायची तर लवकर, 20 टक्क्यांची वाट न बघता. तुमच्या भावाचे आकडे नेमके किती उतरलेत?

गोळाबेरीज
14 टक्के. सोमवारी ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघणं) आहे. सध्या अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय.

तुळशीपाशी
वही घेऊन जा हो सोमवारी. यांच्या वेळी आम्ही घरीच विसरलो होतो.