शब्दचर्चा : रॉक अल्बममधील ‘स्ट्रिंग अरेंजमेंट’साठी मराठी शब्द

प्रश्न (पणजी)

एका गोमंतकीय रॉक बँडच्या आगामी अल्बमसोबत जाणाऱ्या पुस्तिकेचा मराठी मजकूर मी तयार करीत आहे. बँडमध्ये दोन गिटारी, बेस-गिटार आणि ड्रम्स एवढीच वाद्ये असली, तरी काही गाण्यांत व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचा समूह वाजलेला आहे आणि त्या समूहाने काय वाजवायचे हे बँडबाहेरच्या एका संगीतकाराने लिहून दिले आहे. श्रेयनामावलीत त्यांच्या कामाचा उल्लेख कसा करावा? ‘तंतुवाद्य रचना’, ‘तंतुवाद्य संयोजन’ आणि ‘वाद्यवृंद मांडणी’ असे तीन पर्याय समोर आहेत. ‘तंतुवाद्य’ हा शब्द वाचून बँडमधील गिटारवादकाने विचारले, की आम्ही वाजवतो ती तंतुवाद्ये नव्हेत काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा)

गिटारवादकाची शंका अगदी योग्य आहे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले. त्यांतील तत वर्गात तारेची सगळी वाद्ये येतात, मग ती तार बोटाने छेडलेली असो वा गजाने घासलेली. आपला ‘तंतुवाद्य’ हा शब्द तोच अर्थ पुढे चालवतो. त्यामुळे सतार, सारंगी, गिटार आणि व्हायोलिन ही सारी तंतुवाद्येच ठरतात आणि ज्या बँडची बहुतेक वाद्ये मुळातच तारांची आहेत, त्याच्या अल्बमवर ‘तंतुवाद्य संयोजन’ असे छापल्यास गिटारींची मांडणी दुसऱ्या कोणी करून दिली, असा चुकीचा अर्थ निघतो. इंग्रजीत ‘स्ट्रिंग्ज’ म्हटले की व्हायोलिनच्या कुळातील वाद्येच समजायची, हा संकेत वाद्यवृंदाच्या परंपरेतून रुळला. मराठीत तो संकेत नाही. कोणी ‘वितत’ सुचवील, परंतु तो शब्द काही ठिकाणी गजाच्या, तर काही ठिकाणी चामड्याच्या वाद्यांसाठी वापरलेला आढळतो, म्हणून तो टाळावा.

माझ्या मते ‘गजवाद्ये’ हा शब्द येथे सर्वांत चपखल आहे, आणि तो केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी नव्हे. रॉक बँडला या वाद्यांची गरज का भासते, याचे कारणच त्या शब्दात आहे. गिटारची तार छेडली की त्या क्षणापासून तिचा स्वर विरू लागतो. विद्युत गिटारीवर तो लांबवता येतो, पण स्वर शांतपणे सुरू करून मध्येच फुगवायचा आणि पुन्हा मिटवत न्यायचा, हे काम गजाइतक्या सहजतेने छेडलेल्या तारेवर होत नाही. गज तारेवर फिरत आहे तोवर स्वर वादकाच्या हातात असतो. कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना गाणे हळूहळू भरत आल्याचा जो परिणाम आपल्याला ऐकू येतो, तो बहुधा याच गुणाने साधलेला असतो. हीच वाद्ये कधीकधी बोटाने छेडूनही वाजवतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण सारंगीवादकाने एखादी तार बोटाने छेडली म्हणून सारंगीचे गजवाद्यपण जात नाही.

आता ‘रचना’ की ‘संयोजन’? येथे भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे, कारण त्यावर श्रेय अवलंबून असते. चाल, शब्द आणि गाण्याचा मूळ आराखडा ही रचना. ती कोणत्या वाद्यांनी, कोणत्या सप्तकात, कोणत्या क्षणी आणि किती जणांनी वाजवायची हे ठरवणे म्हणजे संयोजन. बीटल्सच्या 1966 मधील ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात बँडमधील कोणीही वाद्य वाजवलेले नाही; चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढ्यावर ते गाणे उभे आहे. गाण्याच्या रचनेचे श्रेय लेनन आणि मॅकार्टनी यांच्या नावे आहे, तर गजवाद्यांचे लेखन बँडचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी केले. तेथे मार्टिन यांना रचनाकार म्हणणे जितके चूक, तितकेच त्यांना केवळ लेखनिक समजणेही चूक, कारण त्या तुटक, टोकदार स्वराघातांवाचून ते गाणे आज आपण ओळखतो तसे झालेच नसते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहिले, तर ‘मांडणी’ हा शब्द अपुरा का पडतो तेही कळते. बँड आपल्या गाण्याचे कच्चे ध्वनिमुद्रण आणि त्याची ठरलेली लय संयोजकाकडे देतो. संयोजक आधी जागा शोधतो. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर साधारण 196 हर्ट्झचा, व्हायोलाचा 131 चा आणि चेलोचा 65 चा. उलट गिटारीची जाड तार 82 हर्ट्झपासून आणि बेस-गिटार 41 पासून सुरू होते. म्हणजे चेलोला खालच्या स्वरांत रेंगाळू दिले, तर तो गिटार आणि बेस यांच्या गर्दीत हरवतो, आणि व्हायोलिनला गायकाच्याच पट्टीत सतत हलते ठेवले, तर शब्द बुजतात. म्हणून गायक थांबतो तेथे गजवाद्यांनी बोलायचे आणि तो गातो तेव्हा लांब स्वर धरायचे, हा जुना नियम बहुतेक संयोजक पाळतात. तो मोडायचा झाल्यास त्याला कारण असावे लागते.

त्यानंतर खास रॉकच्या अडचणी येतात. पुष्कळ बँड गिटारी अर्ध्या स्वराने उतरवून लावतात. गिटारवादकाची बोटे नेहमीच्याच जागी पडतात, परंतु व्हायोलिनवादकाच्या वाट्याला अशी स्वरपट्टी येते, जिच्यात त्याच्या मोकळ्या तारांचा फारसा उपयोग होत नाही. वाजवणे अवघड होते आणि नादही थोडा झाकोळतो. दुसरे असे, की गिटारीचे स्वर कागदावर प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याची प्रथा आहे. गिटारवादकाने आपल्या कागदावरची ओळ जशीच्या तशी व्हायोलिनवादकापुढे ठेवली, तर ती एक सप्तक वर वाजते. व्हायोलाचे लेखन वेगळ्या स्वरचिन्हात (कोणती रेघ कोणता स्वर, हे ठरवणाऱ्या खुणेत) करावे लागते. गज कोठे ओढायचा, कोठे परत न्यायचा आणि किती स्वर एकाच गजात घ्यायचे, हेही लिहून दिले तर स्टुडिओतील वेळ वाचतो. वादकांच्या संख्येचाही विचार लागतो: एकच ओळ दोनच व्हायोलिनांनी वाजवली, तर त्यांच्यातील सूक्ष्म सूरभेद कानाला खुपतो, तिघे असले की तो नादात मिसळून जातो. पैसे बेताचे असले, तर चारच वादकांकडून तोच भाग अनेकदा वाजवून घेऊन ध्वनिमुद्रणे एकावर एक चढवतात. इतके निर्णय जो घेतो, त्याच्या कामाला ‘संयोजन’च म्हणावे.

प्रत्येक स्वर लिहिला, तरच संयोजन झाले असेही नाही. बीटल्सच्याच 1967 च्या एका गाण्यात 24 बारची (मात्रांच्या ठरावीक गटांची) मोकळी जागा भरण्यासाठी 40 वादकांना आपल्या वाद्याच्या खालच्या टोकापासून वर चढत जायला सांगितले होते, तेही शेजाऱ्याशी जुळवून न घेता. मधली वाट प्रत्येकाची स्वतःची होती. तरीही कोठून निघायचे, कोठे पोचायचे आणि किती वेळात, हे आधी ठरलेले होते, आणि ते ठरवणे हेच तेथील संयोजन होय.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्याकडे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘संयोजक’ म्हणजे कार्यक्रम घडवून आणणारा माणूस. म्हणून नुसते ‘संयोजक’ लिहू नये; ‘गजवाद्यांचे संगीत संयोजन’ असे पूर्ण लिहावे.

उत्तर (मडगाव)

फोंड्याच्या सदस्यांचे विवेचन मला पूर्णपणे पटले. फक्त गोव्याच्या संदर्भात थोडी भर घालतो. येथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर त्यांच्या नावांनी वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवीत. कोकणीत व्हायोलिनला ‘रेबेक’ म्हणतात तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्या शिक्षणावर वाढलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले आणि तेथे स्वरलेखन जाणणारे म्हणून त्यांना मोठे काम मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे दीर्घकाळ काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. शेकडो गाण्यांतील व्हायोलिनचे भरघोस समूह अशा लोकांनी लिहिले, पण पडद्यावरील नामावलीत त्यांच्यापैकी अनेकांची नावे ‘सहायक’ या शब्दाखाली आली, तर कित्येकांची आलीच नाहीत. वादकांच्या बोलण्यात ते ‘अरेंजर’ होते. मुख्य चालीच्या पाठीमागून चालणाऱ्या ओळीला ते ‘काउंटर’ किंवा ‘ऑब्लिगातो’ म्हणत आणि ते शब्द आजही स्टुडिओत टिकून आहेत. हा इतिहास गोव्याचा आहे, म्हणून गोव्याच्या बँडच्या पुस्तिकेत तरी हे श्रेय स्पष्ट शब्दांत आणि ठळक जागी यावे, असे मला फार वाटते.

‘गजवाद्य’ या शब्दाबद्दल एकच शंका आहे. ‘गज’ म्हणजे हत्ती आणि ‘गज’ म्हणजे खिडकीची सळई हे अर्थ अधिक परिचित असल्यामुळे सामान्य वाचक अडखळणार नाही काय?

उत्तर (फोंडा)

शंका बरोबर आहे, पण शब्द एकटा येत नाही. श्रेयाच्या ओळीखाली लगेच व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो वाजवणाऱ्यांची नावे येणार असल्यामुळे अर्थ तेथेच स्पष्ट होतो. शिवाय व्हायोलिन वा सारंगी शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘गज’ हा शब्द पहिल्याच दिवशी भेटतो. ‘गजाची वाद्ये’ असे सोडवून लिहिले तरी चालेल. मजकुरात मी तेच लिहीन आणि श्रेयाच्या ओळीत ‘गजवाद्ये’ ठेवीन.

प्रश्नकर्ते (पणजी)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. श्रेयाची ओळ ‘गजवाद्यांचे संगीत संयोजन व स्वरलेखन’ अशी ठेवत आहे. या गाण्यांत दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केली आहेत. मडगावच्या सूचनेप्रमाणे ही ओळ वादकांच्या नावांनंतर न टाकता त्यांच्या आधी घेत आहे. एक शेवटची विचारणा : ‘चेलो’ लिहावे की ‘सेलो’?

उत्तर (मडगाव)

‘चेलो’च लिहावे. शब्द इटालियन आहे आणि तेथील उच्चार ‘च’चाच आहे. ‘सेलो’ हे रूप इंग्रजी स्पेलिंग पाहून अंदाजाने केलेल्या वाचनातून आलेले दिसते.