पाचवीची वार्षिक परीक्षा, संकलित आणि मूल्यांकन चाचणी: पालकसभेत हे कसे समजावून सांगावे?

पालक सदस्य, घाटंजी तालुका (यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. मुलगी पाचवीत आणि मुलगा तिसरीत शिकतो. घरची शेती कोरडवाहू आहे आणि माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, त्यामुळे शाळेतून एखादा कागद आला की शेजारपाजारचे लोक तो वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. यंदा मात्र मलाच तो कागद नीट वाचता आलेला नाही.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत वर्गशिक्षकांनी पायाभूत चाचणी, आकारिक, संकलित, नियतकालिक मूल्यांकन चाचणी आणि पाचवीची वार्षिक परीक्षा हे सगळे एका दमात सांगितले. सभेला आलेल्या बहुतेक बाया दिवसभर कापूस वेचून वावरातून थेट शाळेत आल्या होत्या. त्यांनी त्यातून एकच गोष्ट घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी हातपंपावर ती मला ऐकू आली: "आता पुन्हा पोट्टे नापास करतेत म्हने." तेव्हापासून दोन घरांनी पुढच्या वर्षी मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवण्याचे ठरवले आहे, कारण तिकडे कोणाला नापास करत नाहीत असे त्यांना कोणीतरी सांगितले.

माझी स्वतःची अडचण अशी की, मुलीला पायाभूत चाचणीत गणितात निम्म्याहून कमी गुण मिळाले होते आणि प्रथम सत्राच्या प्रगती पत्रकावर त्याच गणितात ब-२ अशी चांगली वाटणारी श्रेणी आली. यातले खरे कोणते मानावे? शिक्षकांना विचारले तर त्यांनी "दोन्ही खरे" असे उत्तर दिले आणि ते घाईत होते. जानेवारीत पुन्हा सभा आहे. लोक फार तर अर्धा तास बसतील. त्या अर्ध्या तासात काय सांगावे आणि काय वगळावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा

आपल्या शिक्षकांचे उत्तर बरोबर आहे, फक्त अपुरे आहे. ज्यांनी चाचणी, सहामाही आणि वार्षिक अशा परीक्षा दिल्या, त्या पिढीला गुण म्हणजे गुण एवढेच ठाऊक असते, आणि आजचे प्रगती पत्रक त्या सवयीने वाचता येत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. तेव्हापासून पत्रकावरची श्रेणी दोन वेगळ्या गोष्टींच्या बेरजेतून तयार होते. पहिली आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात शिक्षकांनी केलेल्या नोंदी, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आणि छोट्या चाचण्या. दुसरी संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला या दोहोंचे प्रमाण ७० आणि ३० असते, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जसजसे वर जाते तसतसा लेखी परीक्षेचा भार वाढत जातो.

आता आपल्या मुलीचे पाहू. समजा तिला आकारिकात ५० पैकी ४४ आणि संकलितात ५० पैकी २० मिळाले. बेरीज ६४ होते, आणि ६१ ते ७० या गटाची श्रेणी ब-२. म्हणजे प्रकल्पाची वही, वर्गातला सहभाग आणि तोंडी उत्तरे यांत ती पुढे असेल आणि कागदावर गणित सोडवताना मागे पडत असेल, तरी पत्रकावर ब-२ हेच येणार. श्रेणी खोटी नाही, पण तिने दोन वेगळ्या मुलींना एका नावाखाली आणले आहे. सभेत मी एवढीच एक गोष्ट सांगेन: श्रेणीवर थांबू नका, आकारिक किती आणि संकलित किती, हे दोन आकडे शिक्षकांकडून वेगवेगळे मागून घ्या. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही दोन आकडे विचारता येतात.

जुन्या पद्धतीत सगळे स्वच्छ होते असे माझ्या वयाचे लोक म्हणतात. मी ती पद्धत बरीच वर्षे राबवली आहे. दुसरीत नापास झालेले मूल पुढच्या जूनमध्ये शाळेत परत येईलच असा भरवसा नसे, विशेषतः मुलगी असली तर, हे त्या स्वच्छतेत कुठे दिसत नसे.

सहायक शिक्षिका, जि.प. प्राथमिक शाळा, वाशीम जिल्हा

सरांनी पत्रकाबद्दल सांगितले, मी पायाभूत चाचणीबद्दल लिहिते, कारण पालकांची सर्वांत जास्त नाराजी तिच्यामुळे होते आणि ती सर्वांत कमी समजते.

२०२३-२४ पासून शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात. केंद्र शासनाच्या स्टार्स या शालेय शिक्षण सुधारणा प्रकल्पाखाली वर्षाला अशा तीन चाचण्या ठरल्या: पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन. त्यातली पायाभूत ही मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. म्हणजे तुमच्या मुलीला जे निम्म्याहून कमी गुण मिळाले ते पाचवीचे नव्हते, चौथीपर्यंतचे किती पक्के आहे याचे होते, आणि तेही उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. आपल्याकडे विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा उघडतात, हेही लक्षात घ्या.

या चाचणीतून पालकाने काय घ्यावे, ते एका उत्तरपत्रिकेवरून सांगते. ४०२ मधून १७८ वजा करायचे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने उत्तर लिहिले ३७६. बरोबर उत्तर २२४ आहे, म्हणून गुण शून्य. पण ते ३७६ कुठून आले ते पाहा. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन घालवले आणि सहा लिहिले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात तसेच ठेवले. चारातून एक गेला, तीन. त्याला वजाबाकी येते, हातचा घेता येत नाही, आणि शून्यापाशी तर तो पूर्णच अडतो. पालकांना "तुमचा मुलगा गणितात कच्चा आहे" असे सांगितले तर ते घरी जाऊन त्याला मारतील किंवा शिकवणी लावतील. "शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा करणे त्याला जमत नाही" असे सांगितले तर त्याची आई संध्याकाळी नोटा घेऊन त्याच्यासमोर बसू शकते. ती बसली, आणि आठवडाभरात त्याची ती चूक गेली. सगळ्या चुका इतक्या सरळ नसतात, हेही खरे.

म्हणून सभेला दोन-तीन उत्तरपत्रिका नाव झाकून घेऊन जा. तक्ता घेऊन जाऊ नका, तक्त्यासमोर लोकांची मान खाली जाते असा माझा अनुभव आहे. आणि शिक्षकांना थोडे समजूनही घ्या. एकेका विद्यार्थ्याचे प्रश्ननिहाय गुण मोबाईलवरून भरायचे असतात आणि गावात रेंज यायला शाळेच्या गच्चीवर जावे लागते. आपले शिक्षक सभेत घाईत होते ते बहुधा याच कामामुळे.

अंगणवाडी सेविका, सिंदेवाही तालुका (चंद्रपूर)

सर आणि मॅडम, आपण दोघांनीही मूळ भीतीला हात लावला नाही. लोक विचारतात की पाचवीत नापास करतात की नाही. करतात. मी ते माझ्या घरात पाहिले आहे.

२०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात बदल झाला, त्यानुसार राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला दुसऱ्या सत्राच्या शेवटी वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषयाचे ५० गुण असतात: ४० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आठवीला ६०: ५० आणि १०. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. ज्याला तेवढे मिळाले नाहीत त्याला जादा मार्गदर्शन करून निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते, आणि तीतही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात राहतो. शाळेतून मात्र काढता येत नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला काढून टाकायला कायद्याने मनाई आहे, आणि हे वाक्य सभेत दोनदा म्हणा.

माझा मुलगा पहिल्याच वर्षी या परीक्षेत गणितात अडला. निकाल लागला त्या सुमारास आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माझे सासू-सासरे आणि दीर पहाटे जंगलात जातात, मुले घरी पाने जुळवतात आणि संध्याकाळी पुडके, म्हणजे पानांच्या जुड्या, फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) मोजून द्यायचे असतात. जादा मार्गदर्शनाचा वर्ग कधी आणि कुठे आहे, याचा निरोप शाळेने मोबाईलवरच्या गटात टाकला होता. मी त्या गटात नव्हते, नवऱ्याचा मोबाईल बंद होता. वर्ग सुरू होऊन आठ दिवस झाल्यावर मला कळले. त्या शाळेचे नाव मी लिहिणार नाही, पण दारात येऊन सांगायला कोणाला पंधरा मिनिटे लागली असती, हे मी अजून विसरलेले नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही घरीच बसलो. एका पुडक्यात ७० पाने, हे त्याला पाठ होते. बारा पुडक्यांत किती पाने, असे विचारले की तो बोटांवर हिशोब करून ८४० म्हणे, आणि वहीवर ७० गुणिले १२ लिहून दिले की हातचे चुकवत असे. तोंडी परीक्षेत त्याचे गुण चांगले होते, लेखीने त्याला खाली ओढले होते. पुनर्परीक्षेत तो सुटला. म्हणून माझी सूचना अशी की, जादा मार्गदर्शनाचे वेळापत्रक आणि पुनर्परीक्षेची तारीख निकालाच्याच दिवशी प्रत्येक पालकाच्या हातात कागदावर लिहून मिळावी, असा ठराव तुमच्या समितीने आत्ताच करून घ्यावा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, ते अशाच कामासाठी.

पदवीधर शिक्षक, अमरावती जिल्हा

वरच्या सगळ्यांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करतो. पाचवीच्या पालकांना वार्षिक परीक्षेबद्दल सांगताना, आकारिकाच्या चांगल्या गुणांवर विसंबू नका हेही स्पष्ट सांगा. मुख्याध्यापक सरांच्या उदाहरणातली मुलगी प्रथम सत्रात ब-२ मिळवते ती आकारिकाच्या ४४ गुणांच्या आधाराने. वार्षिक परीक्षेत ५० पैकी ४० गुण लेखीचे आहेत. तिथे तो आधार नाही, तोंडीचे दहाच गुण हाताशी आहेत. लेखीत तिला पूर्वीच्याच प्रमाणात, म्हणजे ४० पैकी १६ मिळाले आणि तोंडीचे सहा-सात मिळाले, तर ती उत्तीर्ण होते, पण फार मोठ्या फरकाने नाही. हे आत्ता जानेवारीत कळलेले बरे.

इंग्रजी शाळेच्या गाडीबद्दल: हा नियम राज्य मंडळाच्या खासगी शाळांनाही लागू आहे, तेव्हा परीक्षा चुकवण्यासाठी मूल हलवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कारणासाठी हलवायचे असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आणखी दोन परीक्षांची लोक यात भेसळ करतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी निवडक शाळांत तिसरी, सहावी आणि नववीचे परख राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत पालकांनी मुलांचे गुण मागितले आणि शाळा गुण लपवते असा समज पसरला. ते सर्वेक्षण नमुन्यावर असते आणि त्यातून जिल्ह्याची आणि राज्याची स्थिती कळते, एकेका मुलाला त्यात गुण दिलेच जात नाहीत. दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा. ती राज्य परीक्षा परिषद घेते, ऐच्छिक असते, दीडशे गुणांचे दोन पेपर असतात, आणि त्यात यश आले नाही म्हणून कोणी वर्गात नापास होत नाही. ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे, त्यामुळे घरात दोन मुले असतील तर कोणाची परीक्षा कधी, याचा गोंधळ होणे साहजिक आहे. सभेत तिला दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, नाहीतर उरलेला वेळ सराव संच कोणता घ्यावा यातच जाईल.

पालक सदस्य, घाटंजी तालुका (यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. सभा काल झाली.

तक्ता नेला नाही. शिक्षकांनी तीन उत्तरपत्रिका नावे झाकून आणल्या आणि वाशीमच्या मॅडमचे ४०२ वजा १७८ हे गणित मी फळ्यावर लिहिले. ३७६ उत्तर कसे आले असेल, असे विचारल्यावर आधी शांतता होती, मग मागे बसलेल्या एका आजीने "वरून खाली नाई, मोठ्यातून लहान काढलं त्यानं" असे सांगितले. तिला अंक वाचता येतात, अक्षरे येत नाहीत. त्यानंतर आकारिक किती आणि संकलित किती, हे अकरा पालकांनी शिक्षकांना रांगेत उभे राहून विचारले. माझ्या मुलीचे आकडे ४१ आणि २२ निघाले. घरी तिची उत्तरपत्रिका पाहिली, तर तिची अडचण हातच्याची नाही, शाब्दिक उदाहरणाची आहे. प्रश्नच ती अर्धा वाचून सोडते.

जादा मार्गदर्शनाचे वेळापत्रक कागदावर देण्याचा ठराव समितीने मंजूर केला आणि इतिवृत्तात नोंदवला. निरोप घरी पोचवण्याचे काम तीन वस्त्यांसाठी तीन सदस्यांनी वाटून घेतले. अर्धा तास ठरला होता, सभा सव्वा तास चालली.

गाडीचा विचार करणाऱ्या दोन घरांपैकी एकाने थांबायचे ठरवले आहे. दुसऱ्याने गाडीवाल्याला आगाऊ पैसे आधीच देऊन ठेवले आहेत, ते परत मिळतात का हे तो या आठवड्यात विचारणार आहे.